बाटलीतली साखर

तिला सगळे चिमटी म्हणत. खरं नाव वेगळं होतं, पण ते शाळेच्या दाखल्यावर आणि परीक्षेच्या प्रवेशपत्रावरच उरलं होतं. सतराव्या वर्षी ती मावशीच्या पार्लरमध्ये आली, तेव्हापासून केसांच्या चिमट्या कायम तिच्या ओठांत धरलेल्या. बोलायची तेही चिमट्यांच्या फटीतून. गिऱ्हाइकांनी नाव पाडलं, मावशीनं ते उचललं, आणि हळूहळू तीही त्या नावाला ओ देऊ लागली.

आली होती दोन महिन्यांसाठी. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत बाकी सगळे विषय सुटले होते, प्रगत जीवशास्त्रात गाडी अडकली होती. आई त्याच वर्षी गेली होती. वडील म्हणाले, जा मावशीकडे, मन रमेल. मनाचं काही सांगता येत नाही, पण हात रमले. दोन महिन्यांची सात वर्षं झाली.

तिला नर्स व्हायचं होतं. का, ते तिनं फारसं कुणाला सांगितलं नव्हतं. आई दवाखान्यात होती तेव्हा एका नर्सनं पलंगाच्या कडेला बादली ठेवून, आईचं डोकं हातावर तोलून, तिचे केस धुऊन दिले होते. कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या कामाच्या यादीत नव्हतं. एवढंच कारण. पण नर्सिंगच्या प्रवेशाला प्रगत जीवशास्त्रात चांगली श्रेणी लागे आणि वय चोविसाच्या आत लागे. चिमटीला चोविसावं चालू होतं. म्हणजे ही शेवटची खेप.

मावशीला हे सगळं ठाऊक होतं. मावशी एकोणपन्नास वर्षांची, अंगानं बारीक, हातानं चपळ आणि तोंडानं त्याहून चपळ. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा केव्हाच गेला होता. पार्लर खाली, राहायच्या दोन खोल्या वर. चिमटी वर पुस्तक घेऊन बसली की मावशी जिन्यातून विचारी, "गेलीस का सासरी?" पुस्तक म्हणजे चिमटीचं सासर. पहिला धडा म्हणजे सासूबाई. कारण सात वर्षांपूर्वी चिमटीला आडवा आला होता तो हा पहिला धडाच. जैविक रेणू. कर्बोदकं, मेद, प्रथिनं, पाणी. सगळ्या जीवशास्त्राचा पाया तिथे, आणि निम्म्या पेपरात तेच फिरून फिरून येणार.

"सासूबाईंना एकदा जिंकलंस की बाकीचं घर आपलंच," मावशी म्हणायची.

पार्लरमध्ये तीन खुर्च्या, एक लांब आरसा, मान मागे टाकून केस धुवायचं एक बेसिन. मागच्या बाजूला प्लायवूडच्या भिंतीची केबिन. तिथे केराटिन करत. ते वर्षभरापूर्वी सुरू झालं आणि पार्लर त्याच्यावरच चालू लागलं. कुरळे, राठ, पिंजारलेले केस घेऊन बाया येत आणि पाण्यासारखे सरळ केस घेऊन जात. चार महिने तसेच राहत. काम सोपं दिसे. केस धुवायचे, बाटलीतला द्रव ब्रशनं बटेबटेनं लावायचा, वाळवायचे, मग तापलेल्या मशीनमध्ये एकेक बट धरून खाली ओढायची. ओढताना बटेतून पांढरा धूर निघे. त्या वेळी पंखा बंद ठेवायचा, खिडकी लावायची, दार लोटायचं. वारा लागला की केस थंड होतात, मशीनचा चटका पुरता बसत नाही, असं त्या बाटल्या पुरवणाऱ्या बाटलीवाल्यानं सांगितलं होतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर ओला नॅपकिन ठेवायचा. काम करणारीच्या डोळ्यांवर काही ठेवता येत नाही.

ते काम मावशीच करी. चिमटीचा हात अजून तितका चालत नाही, असं म्हणे. खरं म्हणजे चिमटीला सकाळी क्लासला जायला आणि दुपारी वर जाऊन वाचायला मोकळं ठेवायचं होतं. मावशीनं तसं कधी बोलून दाखवलं नाही.

मावशीचा खोकलाही साधारण वर्षभराचाच.

आधी घसा खवखवे. मग रोज कामाच्या शेवटी छाती भरून येई. डॉक्टरांनी धुळीची ॲलर्जी सांगितली, तोंडात फवारायचा पंप दिला. मावशीनं तो आरशासमोर, स्प्रेच्या बाटल्यांच्या रांगेत ठेवून दिला. एका गिऱ्हाइकाच्या केसांवर चुकून तोच मारला जाणार होता, तेव्हा दोघी पोट धरून हसल्या. चिमटीच्या लक्षात एकच गोष्ट आली होती. आठवड्यातून एक दिवस पार्लर बंद असे. त्या दिवशी मावशी खोकत नसे.

क्लास सकाळी साडेसहाला. निवृत्त झालेले एक सर आपल्या घराच्या गॅरेजमध्ये घेत. लांब टेबल, नळ, एक शेगडी, परीक्षानळ्यांचं स्टँड, आणि भिंतीला काचेचं कपाट. कपाटात बरण्या, बरण्यांत द्रवात बुडवलेले बेडूक, उंदराचं काळीज, एक लहान साप. कपाट उघडलं की क्लासमधली सतरा-सतरा वर्षांची पोरं नाकाला रुमाल लावत. चिमटीला त्या वासाचं काही वाटत नसे. उलट तिथे आल्यावर तिला ओळखीच्या ठिकाणी आल्यासारखं वाटे. का, याचा तिनं कधी विचार केला नाही.

पोरं तिला ताई म्हणत, सर तिला "केसवाल्या बाई" म्हणत. पहिल्या महिन्यात त्या म्हणण्यात थोडी थट्टा होती. मग एक दिवस सरांनी प्रथिनांची रचना काढली. अमिनो आम्लांची साखळी, तिचं मळसूत्र, मळसूत्राच्या घड्या, घड्या जागच्या जागी धरून ठेवणारे बंध. पोरं जांभया देत होती. चिमटीनं हात वर केला. म्हणाली, ओल्या केसांना रोलर लावून वाळवले की वळण येतं आणि डोक्यावर पाणी घेतलं की ते जातं, तो हायड्रोजन बंध असणार. आणि पर्मचं, म्हणजे केस कुरळे करायचं, औषध लावलं की धुऊनही वळण जात नाही, तो डायसल्फाइड. सरांनी खडू खाली ठेवला. हे कुणी सांगितलं, असं विचारलं.

"कुणी नाही, सर. दर आठवड्याला करते."

त्या दिवसापासून केसवाल्या बाई या शब्दांतली थट्टा गेली. चिमटीच्या डोक्यातही काहीतरी जागेवर बसलं. सात वर्षं जो धडा दगडासारखा वाटला होता, तो तिच्या बोटांना आधीपासून येत होता. ती भराभर पुढे जाऊ लागली. आरशाच्या कडेला चिठ्ठ्या लावू लागली. स्टार्च, ग्लायकोजेन, सेल्युलोज. गिऱ्हाईक विचारी, हे कोणत्या कंपनीचे शाम्पू.

पण त्याच धड्यानं एक कुसळही टोचून ठेवलं. केराटिनच्या बाटलीतला द्रव नेमका कोणता बंध तोडतो? पाण्यानं जात नाही, म्हणजे हायड्रोजन नव्हे. पर्मच्या औषधासारखा वासही नाही. बाटलीवर हिरवं पान होतं, खाली लिहिलं होतं, केसांना प्रथिनांचं पोषण. पण प्रथिनाचा एवढा मोठा रेणू केसात शिरेल कसा? आणि नुसतं पोषण चार महिने केस सरळ कसं धरून ठेवेल? त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: फॉर्माल्डिहाइड-मुक्त. ती वाचून बरं वाटे. काहीतरी वाईट असतं आणि ते यात नाही.

तरी तिनं मावशीला सांगितलं. म्हणाली, मला या बाटलीची शंका येते. पार्लर बंद असतं त्या दिवशी तू खोकत नाहीस.

मावशीनं ते उडवून लावलं नाही. भाचीनं पुस्तक वाचून काही सांगितलं की ती ऐकून घेई. दोन आठवडे खिडकी उघडी राहिली, पंखा चालू राहिला. खोकला निम्मा झाला. पण केस नीट बसेनात. एक बाई आठ दिवसांत परत आली आणि आरशासमोर उभी राहून आपले केस मुठीत धरून दाखवू लागली. दुसरीनं बाहेर जाऊन सांगितलं. मावशीनं दोन्ही वेळा हात जोडले. मग चिमटीला म्हणाली, तुझ्या शंकेचा काय तो निकाल लाव बाई.

तो लावणं चिमटीच्या हातात होतं. त्याच आठवड्यात क्लासमध्ये चाचण्या चालू होत्या. सरांनी घोकून घेतलं होतं. बाययुरेट जांभळं झालं की प्रथिन. आयोडिन निळंकाळं झालं की स्टार्च. बेनेडिक्ट घालून तापवलं आणि विटकरी साका आला की साखर, म्हणजे ग्लुकोजसारखी. पोरांनी त्याचं गाणं केलं होतं. चिमटीनं रिकाम्या सेंटच्या कुपीत बाटलीतला द्रव भरून नेला. सर फोनवर बोलत अंगणात गेले तेव्हा तिनं दोन नळ्या घेतल्या. पार्लरमधली बाटली सरांपुढे काढायची तिला लाज वाटली. एवढी एकच लाज तिनं बाळगली नसती तर पुढचं टळलं असतं, असं नंतर वाटून काय उपयोग.

पहिल्या नळीत बाययुरेट घातलं. निळं ते निळंच राहिलं. प्रथिन नाही.

दुसऱ्या नळीत बेनेडिक्ट घालून ती गरम पाण्यात धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, नारिंगी, आणि मग तळाशी लालभडक विटकरी. इतका गडद रंग तिला ग्लुकोजच्या नळीतही मिळाला नव्हता. तिनं वहीत लिहिलं, जसं परीक्षेत लिहितात तसं. निरीक्षण: विटकरी साका. निष्कर्ष: साखर आहे. नळ्या धुऊन जागेवर ठेवल्या. घरी येईपर्यंत ती जवळजवळ पळतच होती.

मावशी बेसिनपाशी एकीचे केस धूत होती. चिमटीनं तिला बाजूला घेतलं.

"बाटलीवाल्यानं आपल्याला बनवलंय. प्रथिन टिपूसभर नाही त्यात."

"मग काय आहे?"

"साखर. पाक आहे नुसता."

मावशीनं तिच्याकडे बघितलं. मग हसायला लागली. हसता हसता बेसिनची कड धरली.

"म्हणजे वर्षभर मी बायांच्या डोक्यावर पाक घालतेय? मुंग्या कशा नाही लागल्या गं?"

हसण्याचा खोकला झाला. खोकला बराच वेळ चालला. तो थांबल्यावर मावशीनं डोळे पुसले आणि म्हणाली, मग धूर कसला, साखर जळल्याचा. चिमटी म्हणाली, तसंच असणार. साखर जळली की धूर होतोच. दोघींच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्या दुपारी खिडकी लागली, पंखा बंद झाला.

पेपरला अजून सात आठवडे होते.

त्या सात आठवड्यांत चिमटी फक्त अभ्यास करत होती. मावशीनं तिला खाली येऊच दिलं नाही. सगळी केबिन तिनं एकटीनं अंगावर घेतली. खोकला वाढला तेव्हा ऋतू बदलतोय म्हणाली. आवाज बसला तेव्हा बडबड कमी होईल म्हणाली. जिना चढताना मध्ये थांबू लागली, तेव्हा जिनाच उंच झालाय म्हणाली. चिमटीनं डॉक्टरांकडे चल म्हटलं. पेपर होऊ दे, मग तूच मला तपास, असं उत्तर मिळालं. चिमटीलाही ते पटवून घ्यायचं होतं. बाटलीचा प्रश्न तिनं स्वतः निकालात काढला होता. मग राहिली धूळ.

मावशीनं आणखी एक केलं. ज्याला त्याला सांगितलं. बाटलीवाला आला तेव्हा त्याला फैलावर घेतलं, प्रथिनाच्या नावाखाली साखर विकतोस, माझ्या भाचीनं प्रयोगशाळेत तपासलंय. तो आधी गोंधळला. मग त्याचा चेहरा उजळला. साखर तर साखर, ताई, साखरेनं कुणाचं वाईट झालंय का, असं म्हणाला. आणि तेच वाक्य घेऊन तो आसपासच्या तीन पार्लरांत गेला. तिथल्या बायांना आतापर्यंत धुराची भीती वाटत होती. शिकलेल्या मुलीनं तपासलंय म्हटल्यावर त्यांनीही केबिनी केल्या. चिमटी हे ऐकून लाजली होती. थोडं बरंही वाटलं होतं.

पेपरच्या दिवशी सकाळी मावशीनं तिची वेणी घातली. सात वर्षांत पहिल्यांदा. तिचा श्वास चिमटीच्या केसांत वाजत होता. आज पाच जणींची केराटिन आहेत, असं तिनं सांगितलं. चिमटी म्हणाली, उद्यावर ढकल. मावशी म्हणाली, तू तुझ्या सासूबाईंकडे बघ.

परीक्षेचा हॉल म्हणजे एक उंच, थंड खोली. पेन्सिल, पेन आणि प्रवेशपत्र एवढंच आत. फोन बाहेर पिशवीत, पिशवीवर नंबर. पेपर हातात आल्यावर चिमटीनं पानं उलटून पाहिली आणि तिला हसू आलं. येत होतं. जवळजवळ सगळं येत होतं. पाण्याचे गुणधर्म, मेदाचा रेणू, विकरांचा आलेख. ती लिहीत गेली. तासाभरानं पाचव्या प्रश्नापाशी आली.

एका विद्यार्थिनीनं एका अज्ञात द्रवावर बेनेडिक्ट चाचणी केली. तिला विटकरी साका मिळाला. तिनं द्रवात ग्लुकोज असल्याचा निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष ग्राह्य का नाही, ते स्पष्ट करा. गुण चार.

सोपा प्रश्न. तिनं लिहायला घेतलं. ही चाचणी साखर ओळखत नाही. ती साखरेच्या रेणूला असलेला अल्डिहाइड गट ओळखते. म्हणून ज्या कुठल्या पदार्थात मोकळा अल्डिहाइड गट असेल, तो साखर नसला तरी

पेन तिथे थांबलं.

अल्डिहाइड. हा शब्द तिनं शंभरदा लिहिला होता. आणि शंभरदा वाचला होता, हिरव्या पानाखाली, बारीक अक्षरांत. मुक्त म्हणे. पण नळी तर लाल झाली होती. बाटलीवरचं लिहिणं कुणीतरी माणसानं छापलेलं असतं. नळी छापलेली नसते.

मग एकापाठोपाठ एक सगळं आलं. सरांचं कपाट. फॉर्मॅलिन, सर म्हणाले होते, फॉर्माल्डिहाइडचं पाणी. त्यात प्रथिनांचे रेणू एकमेकांना शिवले जातात, म्हणून बेडूक कुजत नाही, कडक होतो. बाटलीतल्या फळाच्या सुगंधाखाली केबिनला जो वास यायचा, तो हाच. म्हणून तिला सरांच्या गॅरेजमध्ये ओळखीचं वाटायचं. म्हणून केस चार महिने सरळ. पाण्यानं न सुटणारा बंध. मशीन तापलं की ते वायू होऊन वर येतं. आणि श्वासाबरोबर जातं, जिथे प्रथिनं केसासारखी मेलेली नसतात तिथे.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते. मावशीची दुसरी बसली असेल. किंवा तिसरी.

चिमटी उठली. पर्यवेक्षक बाई जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की आता गेलात तर परत घेता येणार नाही, अजून निबंध बाकी आहे. पंचवीस गुणांचा निबंध. चिमटीनं पेपर उलटा ठेवला. बाईंनी पुन्हा विचारलं, बरं वाटत नाहीये का. ती म्हणाली, मला नाही, दुसऱ्या कुणाला.

बाहेर पिशवीतून फोन काढला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मावशी हातात मशीन असताना फोन घेत नसे. चिमटी रिक्षात बसली, अर्ध्या वाटेत वाहनं तुंबली तेव्हा उतरली आणि पळत सुटली.

पार्लरमध्ये दोघीजणी खुर्च्यांवर मासिकं चाळत होत्या. केबिनचं दार लोटलेलं. चिमटीनं ते ढकललं. आत धूर साचला होता. खुर्चीतल्या बाईच्या डोळ्यांवर ओला नॅपकिन होता, तिचं अर्धं डोकं सरळ आणि अर्धं कुरळं. मावशी तिच्या मागे उभी होती. एका हातानं खुर्चीची पाठ धरली होती, दुसऱ्या हातात मशीन. खांदे श्वासाबरोबर कानांपर्यंत वर जात होते. ओठ राखाडी होते.

चिमटीनं खिडकीची कडी काढली, मशीन ओढून घेतलं, प्लग उपटला. ते साखर नाहीये, माझं चुकलं, बाहेर चल, एवढं बोलली. मावशीनं मान हलवली. तिला एकेक शब्द वेगळा काढावा लागत होता.

"अर्धं डोकं... झालंय. अशी... कशी पाठवू?"

मग खुर्चीची पाठ तिच्या हातातून सुटली आणि ती खाली कोसळली.

दवाखान्यात तिला नळी घातली. दोन दिवस तिचा श्वास यंत्रानं घेतला. पहिल्याच दिवशी एक तरुण डॉक्टर कागद घेऊन बाहेर आला आणि विचारू लागला. दमा आधीपासून? घरात प्राणी? काम काय करतात? चिमटीनं सगळं नीट सांगितलं, क्रमानं, पदार्थाच्या नावासकट. मशीनचं तापमानही सांगितलं. डॉक्टर लिहिता लिहिता थांबला. एवढं नेमकं सहसा कुणी सांगत नाही, असं म्हणाला. तुम्हाला कसं कळलं, असं त्यानं विचारलं.

"मी तपासलं होतं."

"कधी?"

"सात आठवडे झाले."

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग पुढचा रकाना भरला.

मावशी वाचली. अकराव्या दिवशी घरी आली. वरच्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर. डॉक्टरांनी सांगितलं होतं की फुप्फुसं आता आधीसारखी होणार नाहीत, आणि त्या धुराचा एक झोतही पुन्हा आत जाता कामा नये. ती पलंगावरून मोरीपर्यंत दोनदा थांबत जाई. तोंड मात्र हळूहळू परत आलं. चिमटीला तिनं एका शब्दानं दोष दिला नाही. उलट पेपरचं विचारलं. चिमटीनं सांगितलं, निम्मा लिहिला. पुढच्या वर्षी वय बसत नाही, हे दोघींना माहीत होतं.

मग चिमटीला आठवलं की धूर फक्त याच केबिनीत नाही.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन निघाली. पहिल्या पार्लरमध्ये बाई नव्हती, निरोप ठेवा म्हणाले. असला निरोप कुणाजवळ ठेवायचा ते तिला कळेना. दुसरीनं ऐकून घेतलं, चहा दिला, मावशीची चौकशी केली, आणि म्हणाली की तुझ्या मावशीची छाती पहिल्यापासूनच नाजूक.

तिसरं पार्लर कोपऱ्यावर. तिथली बाई मावशीच्याच वयाची, गुटगुटीत, बोलघेवडी. हाताखाली दोन मुली. केबिन नवी कोरी होती, रंगाचाही वास येत होता. बाई एकीच्या डोक्यावर मशीन चालवत होती. चिमटीला दारात बघून ती खुलली.

"ये गं. अहो, हीच ती," असं तिनं खुर्चीतल्या बाईला सांगितलं. "हिनंच तपासलं होतं आपलं औषध."

चिमटीनं सांगितलं. सोपं करून सांगितलं. वही उघडून दाखवली. निष्कर्षाच्या जागी तिनं लाल पेनानं काट मारली होती आणि खाली नवीन लिहिलं होतं. बाईचा हात थांबला नाही. बट वर धरायची, मशीन मिटायचं, खाली ओढायचं. प्रत्येक ओढीला धूर. हाताखालची एक मुलगी भिंतीला टेकून मनगटानं डोळे चोळत होती. वीस वर्षांचीही नसेल.

"तेव्हा साखर म्हणालीस," बाई म्हणाली. रागावली नव्हती. "आता विष म्हणतेस. कुठलं खरं धरू?"

"हे खरं आहे."

"तेव्हाही असंच म्हणाली असशील ना?" मग जरा गोड आवाजात, "परीक्षाही अर्धी टाकून आलीस म्हणे. तुझ्या डोक्याला ताण झालाय बाळा. घरी जा, मावशीकडे बघ."

पेपर पुरा लिहिला असता, चांगली श्रेणी मिळाली असती, तर कदाचित या बाईनं ऐकलं असतं. पण मग मावशी उरली नसती. वहीतलं पहिलं वाक्य कुणीही न मागता गावभर पोचलं होतं. दुसरं वाक्य ती दारोदार घेऊन फिरत होती आणि कुणी हातात घेईना.

भिंतीला टेकलेली मुलगी खोकली. कोरडा, छोटासा खोकला. चिमटीला तो खोकला ओळखता येत होता, कितव्या महिन्याचा आहे तेही सांगता आलं असतं. तिनं त्या मुलीकडे बघून, बाहेर ये जरा, म्हटलं. मुलीनं बाईकडे पाहिलं. बाईनं बटेवरची नजर काढली नाही. मुलगी जागची हलली नाही.

"दार लाव गं जाता जाता," बाई म्हणाली. "वारा लागतो केसांना."

चिमटी गेली नाही. ती उंबऱ्यावरच उभी राहिली, दाराला पाठ लावून, आणि ते उघडं धरून ठेवलं. मशीन पुन्हा मिटलं. धूर वर चढला, छताशी जरा घुटमळला, आणि तिच्या अंगावरून बाहेर जाऊ लागला.